तिसऱ्या कडव्यापाशी थांब

*ताई,*

*मी टी. वाय. बी. ए.ला आहे, स्पेशल इंग्लिश. हॉस्टेलवर राहते. सरांनी इंटर्नलसाठी लॉर्ड बायरनच्या ‘व्हेन वी टू पार्टेड’ या कवितेचं रसग्रहण लिहायला दिलंय. सर म्हणतात, कवीचं चरित्र आणू नका, फक्त कविता वाचा. गाईडमध्ये बघावं तर निम्मं चरित्रच आहे. पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. गावाकडच्या एका मुलाशी माझं दोन वर्षं होतं. कुणाला माहीत नव्हतं, अजूनही नाही. दिवाळीनंतर त्याचा साखरपुडा झाला. त्यानं मला सांगितलंही नाही. माझी रूममेट त्याची मामेबहीण आहे. तिनं मोबाईलमध्ये फोटो आणले होते. सगळ्या मुली तिच्या कॉटवर गोळा होऊन बघत होत्या. मलाही दाखवले. मी म्हटलं, ‘जोडा छान दिसतो.’*

*आता ही कविता उघडली की रडू येतं आणि एक ओळ लिहून होत नाही. कसंबसं एवढंच लिहिलंय : ‘कवीची प्रेयसी विश्वासघातकी आहे आणि कवी खरा प्रेमी आहे.’ हे बरोबर आहे का? स्वतःला वाटतं ते रसग्रहणात लिहिलं तर चालतं का? सरांना कळेल अशी भीती वाटते. नेटवर या कवितेचं एक गाळलेलं कडवं सापडलं, ते घालू का? आणि रूममेटला एकदाचं सांगून टाकू का? माझं नाव छापू नका.*

प्रिय अनामिका,

‘जोडा छान दिसतो’ असं तू म्हणालीस आणि त्या वेळी तुझ्या आत जे झालं, ते बायरनच्या तिसऱ्या कडव्यात आहे. म्हणून बाकीचे प्रश्न जरा बाजूला ठेवून मी तिथूनच सुरुवात करते.

सगळ्या वाचकांनी ही कविता वाचली असेल असं नाही, तेव्हा आधी थोडक्यात सांगते. चार कडवी आहेत, प्रत्येकी आठ ओळींची. पहिल्यात दोघं एकमेकांचा निरोप घेतात, न बोलता, डोळ्यांत पाणी घेऊन. तिचा गाल फिका आणि गार पडलेला, चुंबन त्याहून गार. दुसऱ्यात त्या पहाटेचं दव त्याच्या कपाळावर उतरतं. पुढे जे भोगायचं होतं त्याची ती पूर्वसूचनाच होती, असं त्याला आता वाटतं. तिनं दिलेली वचनं मोडली, तिच्या नावाला बट्टा लागला, आणि लोकांच्या तोंडून ते नाव ऐकताना त्या लाजेचा वाटा त्याच्याही पदरी येतो. तिसऱ्यात लोक त्याच्यासमोर तिचं नाव काढतात. चौथ्यात तो म्हणतो, आपण चोरून भेटलो, आता मी मुकाट्यानं झुरतो. पुष्कळ वर्षांनी तुझी गाठ पडलीच तर मी तुला कसा सामोरा जाऊ? मौनानं आणि अश्रूंनी.

आता तिसरं कडवं नीट बघ. तोवर कवितेत दोघंच होती. इथं पहिल्यांदा ‘ते’ येतात, लोक. ते काही वाईट हेतूनं बोलत नाहीत. चार माणसं बसल्यावर एखाद्याचा विषय निघतो तसा तिचा विषय निघतो. नाव कानावर पडतं आणि त्याला ते कुणी गेल्यावर चर्चमध्ये वाजणाऱ्या घंटेसारखं ऐकू येतं. अंगावर काटा येतो. मग एक प्रश्न, जो तो समोरच्यांना विचारूच शकत नाही : तू मला इतकी प्रिय का होतीस? आणि त्यानंतरच्या दोन ओळी, ‘दे नो नॉट आय न्यू दी, हू न्यू दी टू वेल’. मी तुला ओळखत होतो हे त्यांना ठाऊक नाही, आणि मी तर नको इतका ओळखत होतो. दोन छोट्या ओळींत ‘ओळखणं’ तीनदा आलंय, एकदा त्यांचं नकारार्थी आणि दोनदा त्याचं. एकाच खोलीत बसलेल्या माणसांमध्ये किती अंतर असू शकतं, ते या तीन क्रियापदांनी मोजलंय.

उघड प्रेम मोडतं तेव्हा माणसाला निदान दुःख करायची मुभा असते. घरचे विचारतात, मैत्रिणी जवळ बसतात, जेवली नाहीस तर ताट झाकून ठेवतात. गुपचूप केलेलं प्रेम मोडलं की ही मुभाही जाते. चेहरासुद्धा बदलून चालत नाही, उलट चारचौघींसारखं कौतुक करावं लागतं. बायरनचा ‘मी’ तिथं काय बोलला ते कवितेत नाही. तो बहुधा काहीतरी साधंच बोलला असेल. आपल्यापुढे येतं ते फक्त आत उठलेलं, आणि तेही त्या लोकांना उद्देशून नाही, जी तिथं नाही तिला उद्देशून. सगळी कविताच तशी आहे. ‘तू, तुझं, तुला’ असं सारखं चाललंय आणि ऐकायला ती नाही.

तुझ्या रसग्रहणाचा गाभा मला इथं दिसतो. ज्याला बोलायची बंदी आहे असा माणूस आपल्या न बोलण्याविषयीच बत्तीस ओळी बोलतो. तिच्या नावाचा उल्लेख दोनदा करतो, पण नाव एकदाही घेत नाही. ‘प्रेमभंगाचं दुःख’ असं ढोबळ लिहिण्यापेक्षा ‘दुःख दाखवता न येण्याचं दुःख’ असं लिहिलंस की निम्मं काम झालंच म्हणून समज.

मग बांधणीकडे ये, कारण या कवितेची खरी ताकद तिथं आहे आणि गाईड ते सांगत नाही. पहिल्या कडव्यातली ओळींच्या शेवटची यमकं बघ : ‘टिअर्स’ आणि मग ‘यिअर्स’. आधी अश्रू, नंतर वर्षं. रडत निरोप घेतला, वर्षांसाठी दूर झालो. शेवटच्या कडव्यात हीच जोडी परत येते, पण उलटी. आधी ‘यिअर्स’, नंतर ‘टिअर्स’. वर्षं जातील आणि शेवटी अश्रूच उरतील. सुरुवातीला ‘मौन आणि अश्रू’, अखेरीसही तेच शब्द, त्यामुळे कविता वर्तुळासारखी मिटते असं सगळेच लिहितात, तूही लिही. पण यमकांची अदलाबदल दाखवलीस तर सरांना कळेल की तू कविता स्वतः वाचली आहेस.

आणखी एक. ‘वी’, म्हणजे ‘आपण’, हा शब्द पूर्ण कवितेत दोनदाच येतो : पहिल्या ओळीत ‘आपण दोघं दूर झालो तेव्हा’, आणि चौथ्या कडव्याच्या सुरुवातीला ‘आपण चोरून भेटलो’. एकदा ताटातूट, एकदा चोरटी भेट. मधल्या सोळा ओळींत फक्त ‘मी’ आणि ‘तू’ आहेत, आणि ‘ते’. पहिलं मौन दोघांचं होतं. शेवटचं मौन एकट्याचं आहे. शब्द तेच राहिले, पण मौन पाळणारं दुसरं माणूस निघून गेलं.

लयीबद्दल लिहायला मुली घाबरतात. घाबरू नकोस. कविता मोठ्यानं म्हण आणि टेबलावर बोटानं ठेका धर. जवळजवळ प्रत्येक ओळीत दोनच आघात पडतात. ओळी इतक्या आखूड आहेत की वाक्य सुरू होतं न होतं तोच दम तुटतो. मग पहिल्या कडव्यात ‘पेल ग्रू दाय चीक अँड कोल्ड’ या ओळीला ये. इथं बोट तीनदा आपटतं आणि ओळ आघातानंच सुरू होते, ‘पेल’. पुढची ओळ ‘कोल्डर दाय किस’, परत दोन. निरोपाच्या वेळी तिचा चेहरा बघताना लय अडखळते. ‘कोल्ड’वर ओळ संपते आणि ‘कोल्डर’वर पुढची उघडते, म्हणजे गारठा ओळीच्या टोकावरून खाली उतरतो. एवढं एक उदाहरण नीट मांडलंस तरी छंदाचा परिच्छेद झाला. अनॅपेस्ट, आयँब ही इंग्रजी छंदातल्या गणांची नावं येत असतील तर घाल, नाहीतर नुसती नावं पेरून काही होत नाही.

‘रोमँटिक कवितेची लक्षणं’ (रोमँटिक म्हणजे बायरनच्या काळातला काव्यपंथ, नुसती प्रेमाची कविता नव्हे) या मथळ्याखाली गाईड तुला निसर्ग शोधायला लावील. या कवितेत निसर्ग म्हणजे पहाटेचं दव, बस्स. त्यावर पानभर लिहू नकोस. त्यापेक्षा काळाची घसरण बघ. पहिलं कडवं भूतकाळात आहे. दुसऱ्याच्या मध्यावर ‘आता मला जे वाटतंय’ असं म्हणत तो वर्तमानात येतो. तिसऱ्याच्या शेवटी ‘दीर्घकाळ मी पस्तावेन’ असं म्हणत भविष्यात शिरतो. चौथ्यात तर आठ ओळींत तिन्ही काळ आहेत : भेटलो, झुरतो, भेटलोच तर. दुःख एका सकाळचं होतं, ते आयुष्यभर कसं पसरलं हे काळाच्या या चालीतून दिसतं.

आता तुझं वाक्य. ‘कवीची प्रेयसी विश्वासघातकी आहे आणि कवी खरा प्रेमी आहे.’ राग येऊ देऊ नकोस, पण हे वाक्य मी तुला ठेवू देणार नाही.

कवितेत आपल्याला एकच बाजू ऐकायला मिळते. ‘ती’ एक शब्द बोलत नाही. तिच्यावर ठेवलेला आरोप कुठून आला ते बघ : ‘आय हिअर दाय नेम स्पोकन’, तुझं नाव मी ऐकतो. म्हणजे ऐकीव. त्यानं काही पाहिलेलं नाही, तिला विचारलेलं नाही. आणि त्याच ओळीला लागून तो म्हणतो की तिच्या लाजेत माझाही वाटा आहे. जो निव्वळ फसवला गेला, त्याच्या वाट्याला लाज का यावी? त्याला राग यावा, दुःख व्हावं, पण लाज? याचं उत्तर चौथ्या कडव्याच्या पहिल्या ओळीत आहे, ‘इन सीक्रेट वी मेट’. त्या चोरट्या भेटींत तोही होता. तिनं मोडलेल्या वचनांपैकी काही त्याच्यासाठीच मोडलेली असू शकतात. हे तो कबूलही करतो आणि करतही नाही. ‘खरा प्रेमी’ म्हणून त्याला मोकळं सोडलंस, तर कवितेतली ही सगळ्यांत अवघड, सगळ्यांत माणसासारखी जागा तुझ्या हातून निसटेल.

शिवाय, मूळ इंग्रजी ओळींत बोलणारा पुरुष आहे किंवा जिच्याशी बोलतोय ती बाई आहे असं कुठंही सांगितलेलं नाही. ‘मी’ आणि ‘तू’ एवढंच. मीसुद्धा वर सोयीसाठी ‘तो’ आणि ‘ती’ म्हटलं. ‘कवीची प्रेयसी’ असं लिहिलंस तेव्हाच तू नकळत चरित्र आत आणलंस. ‘कवितेतला मी’ असं लिहायची सवय लाव. सरांचा मुद्दाही तोच असणार.

तरी चरित्र मी तुला सांगणार आहे, कारण ते कळल्यावर या कवितेतला राग वेगळाच दिसतो.

१८१३ च्या शरद ऋतूत बायरन आपल्या मित्राकडे, जेम्स वेडरबर्न वेब्स्टरकडे, यॉर्कशरमधल्या ॲस्टन हॉलला पाहुणा म्हणून गेला. एक वर्ष आधीच ‘चाइल्ड हॅरॉल्ड’ या दीर्घकाव्यानं तो लंडनमध्ये एका रात्रीत प्रसिद्ध झालेला. तिथं मित्राच्या बायकोशी, लेडी फ्रान्सिसशी, त्याचं सूत जुळत गेलं. बिलियर्ड्सच्या खोलीत त्यानं तिच्या हातात चिठ्ठी दिली, तिनं ती छातीशी लपवली, आणि तेवढ्यात नवरा आत आला. हे आपल्याला माहीत आहे, कारण बायरननंच ते लेडी मेलबर्न नावाच्या वयस्क मैत्रिणीला पत्रांतून, त्या त्या दिवशी, सविस्तर कळवलं होतं. प्रकरण फार पुढे गेलं नाही. फ्रान्सिसनं ‘मी तुमच्या हातात आहे’ असं सांगितल्यावर आपण माघार घेतली, असं त्याचं म्हणणं.

दोन वर्षांनी, १८१५ मध्ये, लेडी फ्रान्सिस ब्रसेल्सला होती आणि तिचं नाव नेपोलियनविरुद्ध लढणाऱ्या इंग्रज सेनापतीशी, ड्यूक ऑफ वेलिंग्टनशी, जोडलं जाऊ लागलं. वॉटर्लूच्या लढाईच्या दिवशी, १८ जूनला, पहाटे तीन वाजता वेलिंग्टननं तिला पत्र लिहून शहर सोडायची तयारी ठेवायला कळवलं होतं, एवढी ओळख नक्की होती. कुजबुज वाढली, ‘सेंट जेम्स क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रानं ती छापली. नवऱ्यानं बदनामीचा खटला भरला आणि १८१६ मध्ये त्याला २,००० पौंडांची भरपाई मिळाली. म्हणजे ज्या बोलण्याच्या आधारावर कवितेतला ‘मी’ तिच्या अब्रूला हलकी म्हणतो, ते बोलणं छापणाऱ्याला कोर्टानं भरपाई द्यायला लावली. त्याच वर्षी ही कविता संग्रहात आली. ती लिहिली गेली १८१५ मध्ये, पण बायरननं ती १८०८ सालची म्हणून सांगितली, जेणेकरून कुणी फ्रान्सिसपर्यंत पोचू नये. गाईडमध्ये १८०८ छापलं असेल तर ते खोडून टाक.

आणि १८१५ मध्ये बायरन स्वतः कुठं होता? त्याच वर्षी २ जानेवारीला त्याचं ॲनाबेला मिलबँकशी लग्न झालं होतं. डिसेंबरमध्ये मुलगी झाली, जी पुढे गणिती म्हणून एडा लव्हलेस या नावानं ओळखली गेली. नवं लग्न झालेला, बाप होऊ घातलेला हा माणूस दुसऱ्याच्या बायकोला ‘तुझी वचनं मोडली’ म्हणतोय. मला हे वाचताना दर वेळी तिच्या बाजूनं उभं राहावंसं वाटतं. पण म्हणून कविता खोटी ठरत नाही. ‘चोरून भेटलो, मुकाट झुरतो’ म्हणणारा कवितेतला ‘मी’ सगळं पोटात ठेवतो. ॲस्टनला गेलेला बायरन मात्र टपालानं सगळं कळवत होता. ही दोन वेगळी माणसं आहेत. सर चरित्र नको म्हणतात ते एवढ्यासाठी, आणि मी सरांच्या बाजूची आहे. रसग्रहणाची पहिली तीनेक पानं चरित्राचा एक शब्द न आणता लिही. मग शेवटाकडे एक परिच्छेद असा लिही की, कवितेतला आरोप ऐकीव आहे हे कवितेतच दिसतं, आणि इतिहासही त्याला दुजोरा देतो. चरित्राचा उपयोग तेवढाच. एवढ्याला सर हरकत घेतील असं मला वाटत नाही. घेतलीच, तर परिच्छेद काढून टाक. बाकीचं रसग्रहण त्यावाचून उभं राहतं.

तुला रडू येतं, ते लिहायचं का? ‘मला रडू आलं’ असं लिहू नकोस, पण कुठं आलं ते स्वतःसाठी टिपून ठेव. नक्की कुठल्या ओळीला आवाज फुटेनासा होतो? तिथं पेन्सिलीनं खूण कर. दुसऱ्या दिवशी त्या ओळीपाशी परत ये आणि विचार, या ओळीत असं काय आहे? शब्द कुठला, ओळ कुठं तुटते, आधी काय येऊन गेलंय? तुझा अनुभव असा कामाला येतो. ज्या मुलीला यातलं काही सोसावं लागलं नाही, ती तिसऱ्या कडव्यावरून सहज पुढे जाईल. तू थांबशील. उदाहरणादाखल एक परिच्छेद मराठीत लिहून दाखवते, इंग्रजीत तू तुझ्या शब्दांत लिही :

‘तिसऱ्या कडव्यात तिसरी माणसं येतात. त्यांना काही माहीत नाही, आणि त्यांना माहीत नाही म्हणूनच कवितेतला “मी” काही दाखवू शकत नाही. त्याचा शहारा आणि त्याचा प्रश्न दोन्ही आतच राहतात. “टू वेल” आणि “टू डीपली” हे शब्द चार ओळींच्या आत येतात : ओळख नको इतकी होती, म्हणून दुःख सांगता येणार नाही इतकं खोल आहे. जे सांगता येत नाही असं कविता म्हणते, तेच ती सांगते आहे, आणि हा ताण शेवटच्या ओळीपर्यंत सुटत नाही.’

या परिच्छेदात तू आहेस का? आहेस. सरांना दिसशील का? नाही. त्यांना दिसेल ते एवढंच की या मुलीनं कविता थांबून वाचली. भीती बाळगू नकोस.

रूममेटचा प्रश्न तू सगळ्यात शेवटी विचारलास, पण मला वाटतं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंस.

रूममेटला सांगू नकोस. ती वाईट आहे म्हणून नाही, ती त्याची मामेबहीण आहे म्हणून. तिच्या पोटात राहिलं नाही तर ते आठवड्याभरात तुमच्या गावात असेल. आणि गावात कुणाचं नाव चघळलं जाईल? त्याचं नाही. १८१५ मध्ये ब्रसेल्सच्या कुजबुजीत जे झालं ते तुला वेगळं समजावून सांगायला नको. फोटो परत निघाले तर तिथं बसून राहायचं बंधन तुझ्यावर नाही. लायब्ररीत जायचंय म्हण आणि ऊठ. जमलं तर पुढच्या टर्मला खोली बदलून घे. कारण विचारलं तर अभ्यास सांग.

पण कुणालाच सांगू नकोस, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडची विरहाची कविता आठव. ज्ञानेश्वरांच्या ‘घनु वाजे घुणघुणा’मधली विरहिणी एकटी नाही. तिच्या भोवती बाया आहेत, आणि ती त्यांना सरळ सांगते, कान्ह्याला लवकर भेटवा. चांदणं, चंदन काही आवडत नाही म्हणते, आणि ऐकायला कुणीतरी आहे. तो विरह देवाचा आहे, बायरनचा माणसाचा, दोन्हींची गल्लत करायला नको. पण दुःख बोलायला एक सखी असणं आणि नसणं यात काय फरक पडतो, ते या दोन कविता शेजारी ठेवल्या की दिसतं. बायरनच्या ‘मी’ला सखी नाही, म्हणून वर्षं लोटली तरी तो त्याच दोन शब्दांपाशी आहे. तुला तसं राहायची गरज नाही. गावाशी, त्या घराशी संबंध नसलेलं एक माणूस शोध. दुसऱ्या कॉलेजातली शाळेची मैत्रीण असेल, विश्वासातली मावशी असेल. कॉलेजात समुपदेशक असतील तर त्यांच्याकडे जा. तिथं बोललेलं बाहेर जाणार नाही ना, हे आधी विचारून घे, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगणं नको वाटेल असा विचार एकदाही मनात आला तर १४४१६ वर फोन कर. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास कुणीतरी असतं, मराठीतही बोलता येतं.

त्या मुलाबद्दल एवढंच. त्यानं तुला साखरपुड्याचं सांगितलं नाही हा भित्रेपणा आहे, आणि तो तुझ्या माथी नाही. त्याचा द्वेष करायचा की नाही हे आत्ता ठरवायची काही घाई नाही.

राहिलं गाळलेलं कडवं. ते खरं आहे. १८२३ मध्ये बायरननं ते आपल्या नात्यातल्या लेडी हार्डीला पत्रात लिहून पाठवलं होतं. त्यात तो ‘फॅनी’ (फ्रान्सिसचं घरगुती रूप) असं थेट नाव घेतो, आणि एकदा पडलेली बाई कायमचीच पडते असा निवाडा देतो. छापताना त्यानं ते ठेवलं नाही. तूही कवितेचा भाग म्हणून ते घालू नकोस, कारण वाचकांपुढे गेलेल्या कवितेत ते नव्हतं. चरित्राच्या परिच्छेदात मात्र दोन वाक्यं त्याच्यावर जरूर लिही. नाव आणि निवाडा काढून टाकल्यावर कवितेत काय उरलं, ते दाखव : ‘मी तुला कसा सामोरा जाऊ?’ हा प्रश्न. निवाड्याच्या ओळी ठेवल्या असत्या तर तो प्रश्न विचारायला जागाच राहिली नसती. रसग्रहण सरांकडे देण्याआधी मला पाठव. इंग्रजी मी तपासून देईन.

तुझी,
ताई